लांब बाह्या

३ फेब्रुवारी

आज दुकानात ती शाळेतली बाई आली. जुनी गिऱ्हाईक, दर वर्षी चष्म्याचा नंबर बदलणारी. मी फ्रेमी काढून दिल्या, एक नाकावर बसवून दिली, कानामागे दांडी जरा वाकवली. तिने आरशात बघितलं मात्र, मी म्हटलं, "चेहरा भरलेला दिसतो हिच्यात." मालकांची शिकवणच आहे – गिऱ्हाइकाने आरशात बघितलं की पहिला शब्द आपला. आपण गप्प बसलो की त्याला स्वतःचं नाक दिसायला लागतं.

पैसे देताना बाई मालकांना विचारते, "त्या तुमच्याकडच्या जाड्या बाई कुठे गेल्या हो? फार हसऱ्या होत्या." मालक माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी म्हटलं, "सोडून गेल्या." त्यात खोटं काय आहे?

घरी येऊन पोटाचा पट्टा सोडला. दिवसभर आवळून कोंबलेलं सगळं बाहेर आलं आणि मांडीवर येऊन बसलं. पोट गेलं, पोट गेलं म्हणतात लोक. कुठे गेलंय? आतला ऐवज गेला, पिशवी इथेच आहे.

४ फेब्रुवारी

पोटाच्या घडीखाली परत पुरळ. मलम, पावडर, मलम. वास येतो. मला येतो म्हणजे शेजारी बसणाऱ्यालाही येत असणार.

८ फेब्रुवारी

सुट्टी. आईने माझं कपाट उपसलं. वजनाच्या ऑपरेशनच्या आधीचे सगळे कपडे धाकटीला. माझी बहीण बिचारी एकेक घालून बघत राहिली. राखाडी कोट तर तिला जणू मापाने शिवल्यासारखा बसला. दारातून बघताना मला क्षणभर मीच उभी आहे असं वाटलं आणि बरं वाटलं, हे कुणाला सांगू?

पूर्वी आम्ही दोघी बागेतल्या बाकावर बसलो की तिसऱ्याला जागा नसायची. मुद्दाम बसायचो. कुणी हसलं तर धाकटी म्हणायची, "ताई, त्यांची फुकटात करमणूक झाली बघ." आता मी शेजारी बसले की ती पर्स मांडीवर घेते आणि अंग चोरते. माझ्यापासून!

आई कोटाची बटणं लावता लावता म्हणाली, "मोठीकडे बघून तरी शीक काहीतरी." धाकटी हसली. ते हसू मीच शिकवलंय तिला.

११ फेब्रुवारी

जिना उतरताना दंडांच्या सैल कातडीचा आवाज येतो. मागून कुणी टाळ्या वाजवत येतंय असं वाटतं. दोनदा वळून बघितलं.

१५ फेब्रुवारी

दवाखान्यातून फोन. आहाराचं बघतात त्या बाई. ऑपरेशनचा विचार करणाऱ्यांसाठी सभा आहे, मी चार शब्द बोलावेत. "तुमच्यासारखं उदाहरण नाही हो आमच्याकडे." मग आवाज जरा खाली आणून, "कपडे मात्र लांब बाह्यांचे घाला. आणि गळा बंद असला तर उत्तम."

म्हणजे ठाऊक आहे त्यांना. सगळं ठाऊक आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

नाही म्हणायचं ठरवून हो म्हणाले. का म्हणाले? मला टाळ्या हव्या होत्या. दंडांच्या सोडून दुसऱ्या.

२२ फेब्रुवारी

सभा झाली. पडद्यावर मोठाच्या मोठा फोटो. 'आधी' लिहिलंय तिथे मी त्या राखाडी कोटात, 'नंतर'मध्ये लांब बाह्यांत. लोकांनी 'आ' वासला. मी बोलले ते खरं बोलले – साखरेच्या गोळ्या बंद झाल्या, गुडघे गप्प बसले, झोपेत श्वास अडकत नाही. घास मोजून खावे लागतात, तेही सांगितलं. लोक मान डोलावत होते.

मग तिसऱ्या रांगेतला एक तरुण उठला. पोरसवदा चेहरा, खुर्चीच्या दोन्ही हातांत अडकून बसलेला, उठताना खुर्चीही थोडी उठली. कुणी हसलं नाही. म्हणाला, "मॅडम, एक विचारायचं होतं. नंतर ती कातडी... म्हणजे अंगाचं..."

त्याचं वाक्यही पुरं झालं नव्हतं. मी म्हटलं, "थोडी सैल पडते. व्यायामाने बसते जागेवर. छान होतं सगळं."

दुकानातला आवाज! माझ्या तोंडून तो आला आणि मला तो येताना ऐकू आला. त्याने आरशात बघायच्या आत पहिला शब्द माझा. टाळ्या पडल्या. तो "थँक्यू" म्हणून पुन्हा खुर्चीत शिरला.

आणि शेवटच्या रांगेत धाकटी. मला न सांगता आली होती. टाळ्या वाजवत होती.

२३ फेब्रुवारी

धाकटीने नाव नोंदवलं. १८ मार्च.

२६ फेब्रुवारी

आईच्या अंगावर मूठभर मांस चढलंय. आमच्या घरात हे एकच मांस चढलेलं चालतं. फोनवर मावशीला सांगत होती, "दोघीही सुटतील एकदाच्या." कशातून सुटतील, ते मावशीने विचारलं नाही.

धाकटीने एक ड्रेस मागवलाय. बिनबाह्यांचा, मोरपिशी, माझ्या आत्ताच्या मापाचा. कपाटाच्या दाराला बाहेरून अडकवून ठेवलाय, येता-जाता दिसावा म्हणून. मला म्हणाली, "ताई, तू का गं नाही घालत असलं काही? मी असते ना तुझ्या जागी, तर..." वाक्य सोडून दिलं. मी म्हटलं, "मला थंडी वाजते." तेही खरंच आहे. अंगावर चरबी नाही आणि कातडीला ऊब नसते.

१ मार्च

डॉक्टरांकडे तपासणी. सगळे आकडे उत्तम. कातडीचं विचारलं तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "ती सौंदर्याची बाब झाली. तब्येत ठणठणीत आहे, आणखी काय हवं?"

आणखी काय हवं. दुकानात गिऱ्हाइकाला स्वच्छ दिसायला लागलं तरी त्याला फ्रेम शोभावी असं वाटतंच. त्याला कुणी हौशी म्हणत नाही. मी "काही नाही" म्हटलं आणि उठले. पुरळ दाखवायची राहिलीच.

५ मार्च

न्हाणीघरातला आरसा मी टॉवेलने झाकते. आज टॉवेल धुवायला गेला होता.

स्तन म्हणजे रिकामी पाकिटं. मांड्या गुडघ्यांवर उतरल्यात, मोजे घसरावेत तशा. वयाने चाळिशीही गाठली नाही आणि अंग ऐंशीचं. तेलही गेलं, तूपही गेलं. जाडी होते तेव्हा निदान मी जाडी होते – लोकांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. आता कपड्यांत एक बाई आणि कपड्यांखाली दुसरी. दोघींपैकी एकीशीही माझी ओळख नाही.

यातून बाहेर यायची वाट मला दिसत नाही. लिहून ठेवते, कारण बोलले तर आई म्हणेल, "सुख टोचतंय."

८ मार्च

धाकटीला सांगायला हवं. ऑपरेशन करू नकोस असं नव्हे, ते कुठल्या तोंडाने सांगू? तिची साखर वाढलीय. भिंतीपलीकडे तिचं घोरणं मध्येच थांबतं आणि मी कान देऊन बसते, पुन्हा सुरू होईपर्यंत. पण ती हे सगळं त्या ड्रेससाठी करतेय. त्या पडद्यावरच्या बाईसाठी करतेय. ती बाई नाहीच! मी पहिल्यांदा पट्ट्याशिवाय आरशात बघितलं, त्या दिवशी फरशीवर बसून राहिले होते. कुणीच आधी सांगितलं नव्हतं. हिच्या बाबतीत सांगणारी घरात असून सांगणार नाही? ओठात एक, पोटात एक. आणि माझ्या पोटात आता मावतं तरी किती?

तारीख पुढे ढकलली आणि तिच्या जिवाला काही झालं तर? आणि नाही सांगितलं, आणि ती माझ्यासारखी झाली तर? आगीतून फुफाट्यात. दोन्हीकडून मीच ढकलणार.

१२ मार्च

आज दाखवलं.

आई बाजारात गेली होती. धाकटीला खोलीत बोलावलं, दार लावलं. म्हटलं, "बस. आणि मध्ये बोलू नकोस." शर्ट काढला. दंड उचलून धरला, खाली लोंबतं ते दाखवलं. मग पट्टा सोडला. तो खाली पडला. पोटाची घडी दोन्ही हातांनी उचलून खालची लाल जागा दाखवली. म्हटलं, "व्यायामाने बसत नाही. मी सभेत खोटं बोलले. आणखी काही वर्षांनीही हे असंच राहणार. तो ड्रेस मला होतो, धाकटे, अगदी मापात होतो. पण मी तो घालू शकत नाही."

ती पलंगाच्या कडेवर बसून बघत होती. तोंडावर काहीच नाही. डोळेसुद्धा बाजूला घेतले नाहीत. मला वाटलं होतं रडेल, ओरडेल, निदान "फसवलंस" तरी म्हणेल. मी पट्टा घेतला, परत आवळला, शर्ट घातला. ती पलंगाच्या दांडीला धरून दोन हिसक्यांत उठली आणि निघून गेली.

आजवर कुणालाही दाखवलं नव्हतं. आता अंगाला जास्तच थंडी वाजतेय.

१३ मार्च

दिवसभर तिचं दार बंद. मोरपिशी ड्रेस कपाटावरून काढलाय.

काय झालं ते आईला कळलं. "हात दाखवून अवलक्षण! पोरीच्या आयुष्याची एक संधी आली होती, ती तुझ्या रडगाण्यापायी गेली. तिला काही झालं ना, तर..." पुढचं बोलली नाही. बोलली असती तरी चाललं असतं. तेच मी स्वतःला रात्रीपासून म्हणतेय. दुकानात एकाला दुसऱ्याचाच चष्मा दिला.

१४ मार्च

सकाळी धाकटी आली. दारातच उभी राहिली.

"ताई, तारीख तीच ठेवलीय. परवा तुझा पट्टा खाली पडला ना, तो तू वाकून उचललास. कशालाही न धरता. बाकीचं मी नीट बघितलंच नाही."

तिच्या पायांची नखं अजून आई कापते. माझीही तीच कापायची. मी विसरूनच गेले होते.