ताठ उभं राहून घेतलेलं माप

११ जानेवारी

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं, पण लगेच वाचता आलं नाही. पोस्टमनने ते दाराखालून आत सरकवलं आणि माझ्या घरात जमिनीवर पडलेली वस्तू म्हणजे विहिरीत पडलेली वस्तू. समोरच्या नर्सबाई ड्यूटीवरून आल्या की डोकावतात, त्यांनी उचलून दिलं. सध्या मशीनखाली एक खडू आणि निळ्या दोऱ्याचं रीळ मुक्कामाला आहे. दर वेळी त्यांना वाकायला सांगायची लाज वाटते, म्हणून मी नवा खडू घेते आणि जुन्याकडे बघत नाही.

कारखान्यात तो कापडाचा गठ्ठा फळीवरून माझ्या पाठीवर आला, त्याला आता किती वर्षं झाली! गठ्ठा गेला, मुकादम गेला, कारखानाही बंद पडला. पाठ तेवढी इमानाने दुखत राहिली. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. माझा हत्ती आला, मुंगीचा अजून पत्ता नाही.

कोटवाल्या दुकानदाराचा निरोप आला आहे. उन्हाळ्यापर्यंत कोट वेळेवर मिळाले नाहीत तर काम दुसरीकडे द्यावं लागेल म्हणाला. त्याची चूक नाही. जुन्या तीन पायांच्या स्टुलावर मशीनपुढे बसले की जरा वेळाने कंबरेत कळ येते, मग उठायचं, मग आडवं व्हायचं, आणि कोट एका बाहीवर सुईखाली पडून राहतो.

काम सुटलं तर या खोल्या सोडून तुझ्याकडेच यावं लागेल, हे मला कळतं. पण तोवर पुन्हा विचारू नकोस. तू प्रेमाने ठेवशील, तरी तिथे मी पाहुणी. इथे दुखतं, पण इथली शिवणारी मी आहे. खरं सांगू, दुखण्यापेक्षा त्याच्याबद्दल बोलायला कुणी उरत नाही, त्याचाच जास्त त्रास होतो. पहिल्या वर्षी लोक विचारतात, मग विचारायचं सोडतात, मग आपणही सांगायचं सोडतो. वर म्हणतात, दिसायला तर छान दिसता की! प्लास्टर घातलेलं असतं तर निदान रांगेत कुणी पुढे जाऊ दिलं असतं.

हसायची गोष्ट म्हणजे काल एक गिऱ्हाईक मापाला उभं राहिलं ते पोट आत ओढून. मी सांगितलं, श्वास सोडा, कोट तुम्हाला घालायचा आहे, तुमच्या फोटोला नाही.

भावजय गेल्यापासून तू ओट्याशी उभ्यानेच जेवतोस असं लिहिलंस. ते बंद कर. कळावे. लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझी,
ताई


२० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उभ्याने जेवतो, कारण बसलो की समोरची खुर्ची दिसते आणि ती तिची आहे. दुसरीकडे तोंड करून बसून पाहिलं, तर मग पाठीमागे खुर्ची आहे हे कळत राहतं. तेव्हा तो विषय तूही पुन्हा काढू नकोस. फिटंफाट झाली.

तुझ्या पत्रातल्या एका गोष्टीने मात्र मला दिवसभर रंध्याला हात लावू दिला नाही. तू अजून त्या तीन पायांच्या स्टुलावर बसून शिवतेस? जन्मभर लोकांना खुर्च्या करून दिल्या मी. वकिलाला, शाळेला, न्हाव्याला. आणि सख्खी बहीण स्टुलावर! बाबा असते तर त्यांनी माझ्या पाठीत काटकोन बघायचा गुण्या घातला असता.

तू इथे येत नाहीस तर नको येऊस, पण मी केलेली खुर्ची तुझ्याकडे येईल. मला मापं पाठव. जमिनीपासून गुडघा, बैठकीपासून कंबरेचा खळगा, बैठकीपासून दोन्ही खांदे वेगवेगळे, मशीनच्या टेबलाची उंची. शिंपिणीला माप कसं घ्यायचं ते मी शिकवू नये. बघ, या खुर्चीवर बसून तुझे कोट वेळेवर जातात की नाही.

लोभ असू दे, आणि रागही असला तर चालेल, पत्र मात्र येऊ दे.

तुझा,
ठोक्या


४ फेब्रुवारी

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद.

मापं सोबतच्या चिठ्ठीवर आहेत, तू न मागितलेली उंचीही. अगदी बाबांच्या पद्धतीने घेतली. टाचा भिंतीला, हनुवटी सरळ, श्वास रोखून. बसून घ्यायची तीही पाठ भिंतीला चिकटवून. टेपचं दुसरं टोक नर्सबाईंनी धरलं होतं. त्या म्हणाल्या, तुम्हाला इतक्या ताठ मी कधी पाहिलं नाही. मी म्हटलं, आमच्या घरात माप म्हणजे माप. वाढदिवसाला वर्कशॉपच्या दाराच्या चौकटीला उभं करून बाबा पेन्सिलीने खूण करायचे, तेव्हा तू टाचा उचलायचास आणि टपली खायचास, ते आठवतं ना?

पत्र आधीच टाकणार होते, पण का कोण जाणे, मापं घेतली त्या दिवसापासून पाठ जरा जास्तच उठली आणि अंथरूण धरावं लागलं. आता बरी आहे. दुकानदाराने या वेळी नेहमीपेक्षा कमी कोट दिले.

खुर्ची फार सुंदर करू नकोस. सुंदर वस्तूवर बसवत नाही. कळावे, माया पातळ होऊ देऊ नकोस.

ताई


१२ मार्च

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद.

खुर्ची आली! हमालाने गोणपाट सोडलं आणि खोलीत लाकडाचा वास पसरला, तेव्हा क्षणभर वाटलं, बाबा आत आले. काय ते काम! एक सांधा दिसत नाही. हाताला कुठे कुसळ म्हणून लागत नाही. नर्सबाई तर तिच्याभोवती फिरून आल्या आणि म्हणाल्या, भाऊ असावा तर असा.

मशीनजवळ ठेवली आहे. बसायला छानच आहे. पाठीची फळी इतकी नेमकी रुंद झाली आहे की तयार कोट तिच्यावर चढवून ठेवला तर खांदे सुरकुतत नाहीत. आतापर्यंत कोटांना अशी जागा नव्हती. दुपारी उन्हात तिचा रंग मधासारखा दिसतो.

माझी पाठ ठीक आहे. तू काळजी करू नकोस. उन्हं वाढली आहेत, डोक्याला रुमाल बांधून बाहेर जात जा.

तुझे उपकार मानत नाही, भाऊच आहेस. लोभ आहेच.

ताई


१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी सुतार असलो तरी डोकं लाकडाचं नाही. ज्या खुर्चीवर माणूस दिवसभर बसतं, तिच्या पाठीवर दिवसभर कोट राहत नाहीत. तू तिच्यावर बसत नाहीस. बसत असतीस तर चार ओळी तक्रारीच्या आल्या असत्या. तू माझ्या कामाला नावं ठेवली नाहीस असं आजवर एकदाच झालंय, मी आजारी होतो तेव्हा.

आधी मला माझ्या हाताचाच संशय आला. तुझी चिठ्ठी काढून मापं माझ्या टिपणाशी पुन्हा ताडून पाहिली, सगळी बरोबर. मग संध्याकाळी वर्कशॉप बंद करताना दाराच्या चौकटीकडे लक्ष गेलं. तुझी शेवटची खूण अजून तिथे आहे, कारखान्यात लागलीस त्या वर्षीची. चिठ्ठीवरची उंची तिथे धरून पाहिली. बोटभरही फरक नाही. बैठकीपासून दोन्ही खांदेही अगदी सारखे.

ताई, तू मला त्या मुलीची मापं पाठवलीस. गठ्ठा पडायच्या आधीच्या. मी खुर्ची तिला केली. आणि तिला खुर्ची लागतच नव्हती गं, ती कधी एका जागी बसली का?

गिऱ्हाइकाला श्वास सोडायला सांगतेस आणि स्वतः भिंतीला चिकटून श्वास धरतेस! चूक माझीही आहे. तू कधी ट्रायल घेतल्याशिवाय कोट पक्का शिवला नाहीस, आणि मी ट्रायलशिवाय खुर्ची पाठवली. आता मी येतो. करवत, रंधा, पटाशी घेऊन येतो. तू रोज जशी बसतेस तशी बस, मी खुर्ची तुझ्यावर बेतेन.

लोभाचं नंतर बघू. कोट उतरवून ठेव.

ठोक्या


२५ मार्च

चि. ठोक्यास,
आशीर्वाद.

येऊ नकोस.

तुझं पत्र वाचून मी रागावले, मग चौकटीवरच्या त्या खुणेची आठवण येऊन रडले, मग पुन्हा रागावले. मी मुद्दाम खोटं माप दिलं नाही रे. टेप लागला की अंग आपोआप ताठ झालं. मला खरंच वाटलं, मी अजून तेवढीच आहे. खुर्चीवर बसले तेव्हा कळलं. ती फळी मला मागून ढकलत होती, सरळ हो, सरळ हो. दहा माणसांनी सांगितलेलं सोसलं, पण तुझ्या खुर्चीनेही तेच म्हणावं याचं वाईट वाटलं. म्हणून तिच्यावर कोट घातले.

आता खरं ते ऐक. मी आरशासमोर कोटाची घडी बघते, स्वतःला बघत नाही. उजवा खांदा खाली आला आहे, कंबर एका बाजूला गेली आहे, चालताना भिंतीचा आधार घेते. हे रोज बघणाऱ्या नर्सबाईंचं काही नाही, त्यांनी मला अशीच पाहिली. पण तू मला जिने दोन दोन पायऱ्यांनी उतरताना पाहिलं आहेस. त्या मुलीला ओळखणारा जगात आता तू एकटा उरलास. तुझ्या डोळ्यांतूनही ती गेली, तर मग ती कुठेच नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात, मला दुरूनच साजरी राहू दे.

दुकानदाराने या महिन्यात एकच कोट दिला. तोही अजून व्हायचा आहे.

हे पत्र दोनदा फाडून पुन्हा लिहिलं. शेवटी लिहायला घेतलं होतं येऊ नकोस असंच, पण इथवर आल्यावर हात पुढे जात नाही. यायचंच असेल तर सकाळी ये. सकाळी मी जरा बरी असते.

ताई


१६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. घर उघडलं तर आत चार दिवसांची कोंडलेली हवा आणि ती समोरची खुर्ची. निघताना वाटलं होतं, तुझ्याकडून आल्यावर घर अंगावर यायचं नाही. आलंच.

तुला बोललो नाही, पण दार उघडलंस तेव्हा मला गलबलून आलं होतं. हत्यारांची पिशवी लगेच खाली ठेवून वाकलो ते त्यासाठीच. वाकल्यावर मशीनखालचा तो खडू दिसला, रीळ दिसलं, बटणं, टाचण्या, माझ्या एका जुन्या पत्राचं पाकीट. सगळं गोळा करेपर्यंत डोळे पुसून झाले. तू वरून ओरडत होतीस की सुतार आणला होता, झाडूवाला नाही. त्या ओरडण्यावरून सांगतो, ती मुलगी कुठेही गेलेली नाही. जिने तेवढे उतरत नाही.

खुर्चीचा डावा पाय मी कापला. बाबांनी शिकवलेलं सगळं त्या एका कापात मोडलं. चारही पाय जमिनीला, पाठ गुण्यात, हेच तर जन्मभर केलं. पण तू बसलीस, मी फळी उजवीकडे उतरवली, तू डोळे मिटलेस आणि पाठ हळूहळू फळीवर टेकवलीस. नर्सबाई हौसेने बसायला गेल्या आणि घसरल्याच! आता ती दुसऱ्या कुणाच्या उपयोगाची नाही.

आणि निघताना तू शर्टासाठी माझं माप घेतलंस, तेव्हा मी काय केलं आठवतं ना? टेप लागताच छाती पुढे, श्वास वर. तू पोटावर टेपचा फटका मारून म्हणालीस की सोड, बायको गेलेल्या माणसाने एवढं ताठ उभं राहायचं कारण नाही. त्या वाक्यानंतर मी पिशवी उचलून निघालो, ते तुला वाटलं तसं गाडीच्या घाईमुळे नाही.

माझ्याकडे राहायला ये असं आता म्हणत नाही. पण काही खाली पडलं आणि उचलता आलं नाही तर कळव. तिथे हेच म्हटलं तेव्हा तू हसलीस, म्हणालीस की खडूसाठी कुणी एवढा प्रवास करतं का. तरी कळव.

लोभ वाढवायला जागा नसेल तर आहे तोच वापरत राहा.

ठोक्या


८ मे

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद.

सोबत शर्ट. खुर्चीत बसून पहिला तोच शिवला, दुकानदाराचे कोट थांबवून. तुझाही एक खांदा खाली आलेला आहे, रंध्याने आणला की गेल्या वर्षाने ते तुला माहीत. मी तो तसाच धरला आहे. तेव्हा घालून ताठ उभा राहशील तर मानेशी वळी पडेल आणि मला नावं ठेवशील. नेहमी असतोस तसा राहा, म्हणजे बसेल.

पाठ दुखते आहेच. खुर्चीने ती बरी होईल असं तुलाही वाटलं नव्हतं. पण एक बाही लावून उठावं लागायचं, आता दोन्ही लावून उठते. या वेळचे कोट वेळेवर गेले. दुकानदाराने पुढचे पाठवले, थोडे, पण पाठवले. खोल्या सोडायचं तूर्त टळलं.

नर्सबाईंची बदली झाली, मागच्या आठवड्यात गेल्या. त्यांच्या दाराला कुलूप आहे. संध्याकाळी जिन्यावर पाऊल वाजलं की मी अजून मशीन थांबवते, मग आठवतं.

जेवताना बसत जा. तिच्या खुर्चीवरच बसून बघ एकदा. तिकडून खुर्ची दिसायची नाही, आणि भावजय रागावणारही नाही. कळावे. माझा लोभ तू परत नेलेल्या हत्यारांच्या पिशवीतच आहे.

तुझी,
ताई

ता. क. कात्री खाली पडली आहे.