माझ्या मनगटाचा फोटो

पुणे, जानेवारी १९४५

आये, तुज्या पायांवर कृष्णातचं डोकं.

मी खुशाल हाय. लष्कराच्या दवाखान्यात एक्स-रे काढायला शिकतोय. परीक्षा पास झालो तर मिरजंला नोकरी लागंल म्हणत्यात. मग दर रविवारी पलूसला येईन, तुज्या हातची भाकरी खाईन.

काल आमी शिकणाऱ्यांनी एकमेकांच्या हातांचे फोटो काढले. बैलगाडीवरनं पडलो तवा तू बांबूच्या कामट्या बांधून बसवलेलं मनगटाचं हाड काचंवर दिसलं. डॉक्टरसाहेबानं विचारलं, कुणी बसवलं? मी म्हणालो, माज्या आईनं.

नाथाजी मास्तर, आईला पत्र वाचून दाखवताना आता एवढ्या ओळी मनातच वाचा. हाड वाकडं जुळलंय. साहेब म्हणाला, मोडून सरळ करून देतो. मी नको म्हणालो. थंडीत लय ठणकतं, पर ठणकलं की आईनं हात धरलाय असं वाटतं. हातपाय मोडलेली माणसं अजून तिच्याकडंच येत असतील. तिला ह्यातलं काय कळू देऊ नका.

इथनं पुढं मोठ्यानं वाचा.

आये, तुजं गुडघं कसं हायती? गाय व्याली का? माजा हात झकास हाय. कवाच दुखत न्हाई.

तुजा कृष्णात