गरम खोलीबाहेरचा माणूस

४ फेब्रुवारी
नोकरी लागली एकदाची! सजा भोगून आलोय म्हटलं की समोरच्याचा हात आधी स्वतःच्या खिशाकडे जातो, हे मला आता तोंडपाठ झालंय. म्हणून आज लाँड्रीत पाऊल टाकल्या टाकल्या मीच सांगून टाकलं, की बाबा, मी आत होतो, उगाच नंतर कटकट नको. तर मुकादम चक्क खूश झाले! म्हणाले, आम्ही तुमच्यासारखेच घेतो, बाकीच्यांना नाही नाही ते प्रश्न पडतात. लगेच ताईला फोन लावला. मी आत गेल्यापासून लेक तिच्याकडेच आहे. ताई रडली, पण अट काही सोडली नाही. नोकरी कायम झाली की पोरीला घेऊन जा, त्याआधी नाही. तिचं तरी काय चुकलं? महिनाअखेरीला कायम करतात म्हणे. तोवर नाक मुठीत धरून राहायचं.

५ फेब्रुवारी
काम सोपं आहे. हॉटेलांच्या धुतलेल्या चादरी गरम खोलीत दोऱ्यांवर टाकायच्या. एकाने चपला काढून आत जायचं, दुसऱ्याने दार ओढून अडसर घालायचा आणि स्टुलावर बसायचं, कारण जराशी फट राहिली तरी ऊब निघून जाते. मुकादमांनी सांगितलं की उघडायचं. न विचारता उघडलं तर नोकरी गेली. आज मी आलो तेव्हा अडसर आधीच घातलेला होता, मला नुसतंच बाहेर बसवलं. आतून सकाळभर ठोकल्याचा आवाज येत होता. मी विचारलं, तर म्हणाले, वाफेचे नळ तापले की ठोकतात. पहिल्याच दिवशी कशाला जास्त शहाणपणा करा? दुपारी आवाज बंद झाला. दार इतकं तापलं होतं की हात टेकवत नव्हता.

९ फेब्रुवारी
जोडीला धुलाईकडचा एक जण दिलाय. तुरुंगात असताना सगळ्यांचे अर्ज लिहून द्यायचा, म्हणून त्याला सगळे वकील म्हणतात. तोंडाला कुलूप म्हणून नाही. म्हणतो, आपण दोघं एकाच कॉलेजचे, फक्त बॅच वेगळी! किती दिवसांनी पोट धरून हसलो. आम्ही आळीपाळीने आत जातो. आत भट्टी आहे नुसती. चादरी अंगाला अशा चिकटतात की सोडवून घ्यावं लागतं.

१४ फेब्रुवारी
वकिलाने डोक्यात किडा सोडला. दाराशी एक चपलांचा जोड पडलेला असतो. त्याने ओळखला, माझ्याआधी इथे होता त्याचा. मुकादम तर सांगतात तो नोकरी सोडून गेला. मग अनवाणी गेला का, असं वकील विचारतो. शिवाय तो मागे जाऊन बॉयलर बघून आलाय. थंडगार, वर कोळ्याची जाळी धरलेली. नळात वाफच नाही, तर ठोकत काय होतं आणि खोली तापते कशावर? पोलिसांत जाऊ म्हणाला. मी म्हटलं, जा, आधी आपल्याच हातात बेड्या पडतील. पण स्टुलावर बसवत नाही. दिवसभर येरझाऱ्या घालतोय.

१९ फेब्रुवारी
खोली निवत चाललीय. चादरी ओलसरच निघतात. एका हॉटेलाने माल परत पाठवला. मुकादम आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघतात. कायम करायचं विचारलं, तर म्हणाले, बघू, कोण उपयोगी पडतो ते. ताईने कळवलंय, पोर सामान बांधून बसलीय.

२१ फेब्रुवारी
आज आत मी. जेमतेम ऊब. शेवटच्या दोरीवर एक चादर तेवढी गरम — एकाच जागी, पंज्याएवढी. हात लावला. पलीकडून कुणीतरी हात दाबला. पलीकडे फक्त भिंत आहे.
दारावर दोन्ही मुठी आपटल्या. मुकादम नको म्हणत असतानाही वकिलाने उघडलं. मला खेचून बाहेर काढलं, पाणी पाजलं. मुकादम नुसते वकिलाकडे बघत राहिले.

२२ फेब्रुवारी
वकील नाहीच म्हणत होता. मुकादम म्हणाले, मग घरी जा. त्याच्याही घरी म्हातारी आई आहे. गेला आत.
अडसर मीच घातला.

ठोकतोय.

मुकादम म्हणाले, नळ आहेत. मी म्हटलं, बॉयलर तर — त्यांनी विचारलं, लेक केवढी झाली आता?

माझं नाव घेऊन ओरडतोय. अडसर हलका आहे, एका हाताने निघेल —
उठलो होतो. परत बसलो.
हात रिकामे राहिले तर उघडीन, म्हणून लिहितोय. लिहितोय. काय लिहू — पोरीला खिडकीची खोली बघायची, शाळेजवळ, तिथे —

आता रडतोय. आईला हाका मारतोय.
देवा, मी काय करतोय हे —

दाराची धग इथवर येतेय. मुकादम हात शेकतायत.

थांबलं.

पाठीवर थाप मारून म्हणाले, झालास कायम. जा, बहिणीला फोन कर.
फोन हातात आहे. पोरीनेच उचललाय. बाबा, बाबा करतेय. तिला कसं सांगू की तिचा बाबा —