उलट्या बाजूला बसवलेला पाईप

प्रिय आत्या,

आज दुपारी पाईप निघाला! तुझ्या हत्तीचा. हे तुला सोडून दुसऱ्या कोणाला सांगणार? म्हणून कागद घेऊन बसलोय. तू असताना मी तुला दारावर 'उशीर होईल' एवढंच चिकटवून जायचो.

निघाला खरा, पण तुझ्या हयातीत नाही निघाला. तेच डाचतंय.

लोक किती हसायचे तुझ्या त्या व्हॅक्यूम क्लीनरला, तुझ्या हत्तीला! माझ्या जन्माच्याही आधीचा, लोखंडी नळकांडं नुसतं. चालू केला की खालच्या मजल्यावरचे गॅलरीत येऊन वर बघायचे. तू टेलिफोन ऑफिसात होतीस तेव्हा एक विक्रेता तो दारावर घेऊन आला. त्या माणसाने तुझ्याच गादीतली धूळ काढून तुलाच दाखवली आणि तुला इतकी लाज वाटली, की तू उभ्या उभ्या घेऊन टाकलास. धुळीने तुझा दमा उठायचा. "झाडू धूळ उडवतो, हत्ती गिळतो," म्हणायचीस. केरसुणीला हात लावायची नाहीस.

आणि मी काय केलं?

ऋचाचा वाढदिवस होता. कॉलेज अर्ध्यात सोडल्यावर बाबांनी फलटणहून फोनवर सांगितलं होतं, की या घरात पाय ठेवायचा नाही. तू मात्र "माझ्या घराला पण दार आहे," एवढंच म्हणून मला ठेवून घेतलंस. दिवसा मार्केट यार्डात एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे काम आणि उरलेला सगळा वेळ ऋचा. त्या दिवशी बोहरी आळीतून फुग्यांची पाकिटंच्या पाकिटं आणली. तिच्या बिल्डिंगचं पार्किंग भरून टाकायचं होतं मला. तोंडाने किती फुगवणार? तुझा हत्ती मागच्या तोंडातून हवा बाहेर फेकतो, हे लहानपणी तूच मला दाखवलं होतंस. तुला न विचारता उचलला, स्कूटरवर घातला. पाईप पुढून काढून मागे लावला. तिथे तो सैल बसत होता, हवा निसटत होती. माझं डोकं फिरलं. टोकाला चिकटपट्टी गुंडाळली, वेढ्यावर वेढे, आणि बुक्क्या मारून आत ठोकला.

फुगे फुगले. ऋचा आली, तिने बघितलं आणि म्हणाली, "मंदार, मी तुला नाही म्हटलं होतं ना? मग हे काय लावलंयस?"

वॉचमन बघत होता. मी तिला काय काय बोललो, ते तुला कधी सांगितलं नाही. आजही हात थांबतोय.

घरी आलो तर तू चष्मा वर करून बघितलंस. "अरे शहाण्या, सोंड शेपटीच्या जागी?" मी ओढला. नाही निघाला. पाय लावून ओढला. हलला पण नाही. "तुझं डबडं तूच सांभाळ!" म्हणालो आणि निघून गेलो.

पण तूही काही कमी नव्हतीस हां, आत्या! दुरुस्तीवाल्याला बोलवायला काय झालं होतं? शेजारच्या वहिनींनी नंबरसुद्धा दिला होता. नाही! "तू बसवलास, तूच काढायचा. झटके न देता. मी थांबते." कशाला थांबलीस? दम्याच्या बाईने असले हट्ट करायचे असतात का? मी रोज 'उद्या' म्हणायचो, ते आळसाने नाही गं. त्या मशीनकडे बघितलं की ते पार्किंग डोळ्यांसमोर यायचं. एवढं तुला बोललो असतो तर तू त्याच दिवशी माणूस बोलावला असतास, मला माहितेय. तेवढं एक वाक्य नाही निघालं तोंडातून.

दिवाळीची साफसफाई तू केरसुणीने केलीस. नाकाला पदर बांधून. मी कॉटवर लोळत ऋचाला मेसेज लिहीत होतो आणि पुसत होतो. "पाय वर घे," म्हणालीस. मी घेतले. तू कॉटखालून झाडलंस, खोकायला लागलीस. मी हेडफोनचा आवाज वाढवला.

त्यानंतर खोकला गेलाच नाही. संक्रांतीच्या आसपास हॉस्पिटल, आणि मग तू घरी आलीच नाहीस. डॉक्टर म्हणाले, छाती आधीपासूनच कमजोर होती, हे इन्फेक्शन वेगळं. असेल. पण ते खरं धरलं तर मी सुटतो ना! आणि मला सुटायचंय, म्हणूनच त्यावर विश्वास बसत नाही.

याहून वाईट पुढे आहे. तेही ऐक.

तुझ्या तेराव्याला पानं वाढली होती. काकू म्हणाली, "एकटा जीव, पेन्शन चांगली. पण जुनं मशीन बिघडलं तर नवं घेववलं नाही. धूळ खाऊन गेली बिचारी." काका म्हणाले, "चिक्कू होतीच पहिल्यापासून." आणि बाबा, तुझा सख्खा धाकटा भाऊ, "स्वभावाला औषध नाही," म्हणाले. मी तिथेच होतो, वरण वाढत. कॉलेजात सरांच्या अंगावर धावून गेलेला मी! चौकात कोणी नुसता हॉर्न वाजवला तरी गाडी आडवी घालणारा! तेव्हा काय झालं होतं मला? खाली मान घालून पुढच्या पानाकडे सरकलो.

काल बाबा फ्लॅट आवरायला आले. आता कुठे ते माझ्याशी बोलायला लागलेत. 'चहा घेणार का,' एवढंच, पण बोलतात. आज सकाळी हत्तीकडे बोट करून म्हणाले, "ते भंगारात दे." मी म्हटलं, थांबा जरा.

गरम पाण्यात फडकं पिळून जोडाला गुंडाळलं. तुझी क्रोशाची सुई खोबरेल तेलात बुडवून फटीत फिरवत राहिलो. हात सारखे शिवशिवत होते, एक हिसका द्यावा म्हणून. बाबा पेपरआडून म्हणाले, "अरे, ओढ की जोरात! एरवी तर सगळं तोडतोस." नाही ओढला. थोडं तेल, थोडं गरम फडकं, थोडं पिळायचं, पुन्हा तेल. जेवायची वेळ टळून गेली तेव्हा तो सुटला आणि त्याच्याबरोबर काळी, चिकट पट्टी लोंबत बाहेर आली.

बाबांनी ती चिमटीत धरली. "बघ! नवा पाईप घ्यायचा सोडून पट्ट्या गुंडाळत बसली ताई."

आत्या, मी नुसतं 'हं' म्हटलं असतं ना, तर सगळं तिथेच संपलं असतं. कोणाला कधी कळलं नसतं.

"ती मी गुंडाळली, बाबा."

मग सगळंच सांगितलं. ऋचा, पार्किंग, बुक्क्या.

"फुगे?" बाबा म्हणाले.

"हो."

"आणि ताईला माहीत होतं?"

"ती मला रोज सांगायची, काढ म्हणून. मी काढला नाही."

मला वाटलं, आता मारतात. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी चिमटीतली पट्टी खाली ठेवली. मग म्हणाले, "मी चारचौघांत नावं ठेवली तिला." आणि गॅलरीत जाऊन पाठमोरे उभे राहिले.

मी पाईप पुढे बसवला, बटण दाबलं. आत्या, ओढतोय गं अजून! तुझ्या खोलीतली धूळ घ्यायला लागलो. थोड्या वेळाने कॉट उचलली गेली. बघतो तर बाबा. डोळे लाल. "कडेने घे," म्हणाले. "तिकडे राहिलंय."

येत्या रविवारी तुझ्या मासिक श्राद्धाला सगळे जमतील. बाबा म्हणत होते, "मी सांगतो त्यांना." मी नको म्हटलं. मीच सांगणार. काकू टोमणे मारेल, काका फुग्यांवरून वर्षभर हसतील. हसू देत. मी आवाज चढवणार नाही, उठून जाणार नाही, बोलणी संपेपर्यंत समोर बसेन. शब्द देतो तुला, त्या दिवशी पानं वाढायच्या आधी सगळ्यांना कळलेलं असेल, की आत्या चिक्कू नव्हती. ती माझी वाट बघत होती.

तुझा,
मंद्या