दाढ आणि कबड्डी

१८ जुलै
शी! स्वतःच्याच तोंडाची शिसारी येतीया. डावीकडची दाढ किडून खड्डा पडलाय. त्यात भाकरी अडकती, कुजती, वास मारती. आज कबड्डीत चढाईला गेले, तर पलीकडच्या पोरींनी मला धरलंच न्हाई! रेश्मा नाक दाबून मागं सरली. सगळ्या हसल्या. तिला शिवून परत आले, आयता पॉइंट मिळाला. असला पॉइंट घालायचाय काय चुलीत!

२१ जुलै
शाळेतली खिचडी कुत्र्याला घातली.

२४ जुलै
गाल सुजलाय. बाईंनी धडा वाचायला उठवलं, मी तोंड उघडलंच न्हाई. म्हणाल्या, लय माज आलाय. माज न्हवं, दाढ हाय! पण सांगायचं कोणत्या तोंडानं?

पप्पा मेंढरं घेऊन लांब गेलेत. आई म्हणती, ते आल्यावर जतला दवाखान्यात जाऊ. सर म्हणाले, चढाईत दम टिकत न्हाई तुझा, असंच चाललं तर तालुक्याच्या टीममधनं नाव काढतो. मला खेळायचंय!

२८ जुलै
आजीनं उपाय केला. ती तव्यावर तंबाखू जाळून मिसरी करती आणि रोज सकाळी दात घासत बसती. तीच चिमूटभर माझ्या दाढंत दाबली. "गिळू नगं. गप बस," म्हणाली. थू! काळी लाळ, डोकं गरगरलं, परसात जाऊन ओकले.
पण ठणका थांबला. लय दिवसांनी भाकरी चावली.

५ ऑगस्ट
रोज सकाळी मिसरी. सरावाच्या आधी परत. घाण ती घाण! मला काळं थुकताना रेश्मानं बघितलं. "म्हातारी हायस का गं?" म्हणाली. सरांनी टीममध्ये ठेवलं मात्र.

१९ ऑगस्ट
पप्पा आले. माझ्या तोंडात बघितलं आणि आई-आजीवर लय भडकले. तसंच गाडीवर बसवून जतला नेलं. डॉक्टरांनी दाढ काढून दाखवली — काळी, पोकळ, मुळाशी पू. हे मी तोंडात घेऊन फिरत होते! शी शी शी!

२७ ऑगस्ट
जखम भरत आली. दोन्ही बाजूंनी चावून जेवले. सरावात रेश्मानं मला कमरंला गच्च धरून पाडलं. लय बरं वाटलं.

१ सप्टेंबर
आज तालुक्याची मॅच. सकाळपासनं हात थरथरत होते, कशात लक्ष लागंना. आजीची डबी गुपचूप दप्तरात घातली होती. मैदानामागं जाऊन मिसरी लावली, तवा कुठं हात थांबले.

दुखत काय बी न्हवतं. आणि घाण पण वाटली न्हाई.