पाहुण्यांचे कप

बुधवार, संध्याकाळ. आनंद नगर

आज विमलदीदींनी मला पाहुण्यांच्या कपात चहा दिला. बशीत नमकीनसुद्धा. दोन वर्षं आम्ही दोघीच त्यांच्या घरात राहतोय, चहा रोज स्टीलच्या ग्लासातच पितो. मग दीदींनी हसून विचारलं, "आप कब तक रुकेंगी?" या महिन्यात तिसऱ्यांदा विसरल्या.

त्यांच्या मुलीला सांगायलाच हवं. पण ती त्यांना घेऊन गेली, की या वयात मी कुठे जाऊ? काळजी नक्की कुणाची करतेय मी?

सातला मुलीचा फोन आला. "मम्मी ठीक हैं ना?"

"एकदम," म्हटलं.

मग ते कप धुतले आणि दीदींचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवून दिले.