गोणपाटाचा पडदा

मास्तर, तुमच्या त्या गोणपाटाच्या पडद्याची खरी किंमत आज सांगतो: माझी मान. डावीकडे कलली ती कललीच. शिवाय चाकणच्या कंपनीतली नोकरी, जी वडिलांनी कुणाकुणाचे पाय धरून मिळवली आणि मी तुमच्या पुतळ्यांच्या शेडसाठी सोडली.

पुतळ्याचा घोडा, बूट, अंगरख्याच्या चुण्या हे आमचं काम. चेहऱ्याची वेळ आली की तुम्ही पडदा ओढणार. एकदा मी आत डोकावलो, तर सगळ्यांसमोर ओरडलात, "खूर घास, खूर! डोळे करायला नजर लागते. तुझ्या खानदानात कुणाला होती?" साचे काढणारे चाचासुद्धा हसले. मी खूर घासत बसलो, कान मात्र पडद्याला लावून. तुम्ही आत स्वतःशी पुटपुटताय, "वरची पापणी जाड. बुबुळ खोल काढ. मधे तीळभर माती ठेव, नाहीतर आंधळा दिसेल." मी ऐकतोय, आणि घोड्याच्या पोटाआड मातीच्या गोळ्यावर तसंच करून बघतोय. तुम्ही वारलात तेव्हा मी आलो नाही. त्याचं अजूनही वाईट वाटत नाही.

आज आकुर्डीच्या चौकातला पुतळा माझा आहे, डोळ्यांसकट. चिखलीत पत्र्याच्या हॉलमध्ये दर रविवारी वर्ग घेतो. शिफ्ट संपवून वेल्डर येतात, स्वयंपाक उरकून बायका येतात. पडदा नाही. पहिल्याच दिवशी डोळे. आणि प्रत्येक नव्या तुकडीला छाती फुगवून सांगतो, "मला कुणी शिकवलं नाही. मी ही कला कानाने चोरली." टाळ्या पडतात.

गेल्या रविवारी चाचा वर्ग बघायला आले. गोष्ट ऐकली, आणि चहा पिताना म्हणाले, "काय बोलतो राव? उस्ताद आणि पुटपुटणार? तू सुट्टीवर असलास की दिवसभर आतून खोकलासुद्धा ऐकू यायचा न्हाई."

रागच आला, मास्तर. तुमचाच. पडदा सरकवायला काय हात झिजत होते? अपमान चारचौघांत, घसा फोडून, आणि शिकवायचं ते पुटपुटून? माफ केलेलं नाही. हे पत्र तुमच्या मुलालाही दाखवणार नाही. येत्या रविवारी तीच चोरीची गोष्ट सांगेन, टाळ्याही घेईन. चाचांना गप्प बसायला सांगून ठेवलंय.

पण चोरलेलं काही नाही. मी शेडमध्ये नसताना तुम्ही बोलतच नव्हता.